निधी परत गेला तो मार्च

आमच्या खात्यात मार्च महिना लग्नघरासारखा असतो. जेवणं वेळेवर होत नाहीत, माणसं एकमेकांवर खेकसतात, आणि आलेला पैसा महिनाअखेरीच्या आत खर्ची पडला पाहिजे एवढ्या एका गोष्टीसाठी सगळी धावपळ चाललेली असते. उरलेला निधी सरकारजमा होतो. ज्याच्या हातून तो परत जातो, त्याच्याशी लोक मयतीला आल्यासारखं हळू आवाजात बोलतात.

मी खेड्यांच्या पाणीपुरवठ्याचा अभियंता. इथं संभाजीनगरच्या कार्यालयात नोकरीला लागलो तेव्हा जे माझे पहिले साहेब होते, ते गेल्या दिवाळीनंतर वारले. यंदाच्या मार्चमध्ये त्यांची जेवढी आठवण आली, तेवढी ते गेले तेव्हाही आली नव्हती.

त्यांची पाहणीची एक रीत होती. गाडी गावाबाहेर उभी करायची. सरपंचाच्या घरी चहा तयार असायचा, तो तसाच ठेवायला सांगायचा आणि नळाची लाइन जिथं संपते त्या शेवटच्या घरी आधी चालत जायचं. तिथं प्यायला पाणी मागायचं. पाणी नळाचं निघालं तर गावात येऊन चहा. हापशाचं किंवा विहिरीचं निघालं तर काम पुरं झालं नाही, मग टाकी कितीही रंगवलेली असो. लाइनचं शेवटचं टोक बहुतेक गावांत कोणाच्या वस्तीत येतं, हे मी सांगायला नको.

साहेब बिनदिक्कत निधी परत पाठवायचे. काम कमी पैशांत झालं तर उरलेल्या पैशांतून टाकीभोवती पेव्हर ब्लॉक घालायचे, चांगल्या भिंतीला पुन्हा गिलावा करायचा, हे त्यांना जमायचंच नाही. आमचे हिशेबनीस एकदा चिडून म्हणाले होते, "साहेब, घरी आलेल्या लक्ष्मीला असं कुणी हाकलतं का?"

साहेब म्हणाले, "आपल्या घरी कुठं आली होती? ती चालली होती दुसऱ्याच्या घरी. पत्ता विचारायला आपल्या दारात थांबली."

आम्ही सगळे हसलो. पण हसणं वेगळं आणि पुढच्या वर्षी वरून कमी निधी येणं वेगळं. "तुमच्याकडं खर्चच होत नाही," असं वरून ऐकून घ्यावं लागायचं. खाली टपरीवर आम्ही तरुण मंडळी म्हणायचो, साहेब रिटायर झाले की गंगेत न्हाऊ. ते रिटायर झाले. आम्ही न्हालो की नाही, माहीत नाही. त्यांची खुर्ची फिरत फिरत माझ्याकडं आली, आणि तेव्हापासून मला वाटत आलंय की ती मला मोठी होते.

यंदा सोयगाव तालुक्यातल्या एका गावची योजना अंदाजापेक्षा स्वस्तात झाली. विहिरीला लवकर पाणी लागलं, खोदाईत खडक कमी निघाला. पैसे उरले. कामाचा ठेका घेतलेला गुत्तेदार माझ्याकडं आला. मनानं चांगला माणूस. पाहुण्यांच्या लग्नात ओरडून ओरडून वाढणाऱ्यांपैकी.

"साहेब, टाकीला कंपाउंड घालू, आत ब्लॉक टाकू, झ्याक गेट बसवू. पाडव्याच्या आत उरकतो," तो म्हणाला.

"आधी शेवटचं घर बघू," मी म्हणालो. हे वाक्य तोंडातून आलं तेव्हा माझं मलाच बरं वाटलं. कितीतरी दिवसांत मी ते म्हटलं नव्हतं.

अजिंठ्याचा घाट उतरून आम्ही गेलो. शेवटचं घर गावाच्या खालच्या अंगाला, बौद्ध वस्तीत होतं. दारात नवाकोरा नळ होता आणि त्या नळाला बकरी बांधलेली होती. घरातली बाई माझ्याच वयाची असेल. ती कापसाच्या पऱ्हाट्या मोडत बसली होती.

"नळ कसा आहे, ताई?" मी विचारलं.

"लई मजबूत हाय सायब. बकरी कितीबी ओढू द्या, हालत नाय."

गुत्तेदार खो खो हसला. मग तिनं सांगितलं. वरच्या आळीत लोकांनी लाइनला मोटारी लावल्या होत्या. पाणी सुटलं की तिकडंच ओढलं जायचं, इकडं नळातून नुसती हवा यायची. वस्तीतल्या बाया अजूनही शेतातल्या विहिरीवर जात होत्या. मी पाणी मागितलं. तिनं तांब्या भरून दिला. पाणी गोड होतं, थंड होतं, आणि विहिरीचं होतं.

उपाय सोपा होता. टाकीपासून वस्तीपर्यंत वेगळी लाइन टाकायची, वाटेत एकही जोड द्यायचा नाही. उरलेल्या पैशात ते सहज बसत होतं. फक्त ते नवं काम ठरणार होतं, आणि नव्या कामाला मंजुरी, निविदा, सगळं पुन्हा आलं. मार्च संपायला थोडेच दिवस होते. भिंत आणि गेट मात्र जुन्या मंजुरीत ओढूनताणून बसवता आलं असतं. म्हणजे ज्याची कोणाला गरज नव्हती ते होणार होतं, आणि जे हवं होतं ते होणार नव्हतं.

परतीच्या वाटेवर गुत्तेदारानं गाडीतच तोड काढली. "साहेब, ऐका. बिल आत्ता काढू. काम झालं असं दाखवू. लाइन मी मे महिन्यात टाकून देतो."

"आणि नाही टाकली तर?"

"मी कुठं पळून चाललो? वाळूजला घर हाय माझं. जबान देतो."

त्यानं ती लाइन टाकली असती. मला आजही तसंच वाटतं. जमिनीत नसलेला पाइप कागदावर मोजून सही करायची, आणि दोन महिन्यांनी तो खरोखर जमिनीत यायचा. आमच्याकडं भल्या भल्या माणसांनी असं केलंय, गावाच्या भल्यासाठीच. साहेब असते तर फोन केला असता, असं सारखं वाटत होतं. सिडकोतल्या त्यांच्या घरी शेवटचा गेलो होतो तेव्हा ते गच्चीवर लावलेल्या टोमॅटोंबद्दल बोलत राहिले, आणि मीही ऐकत राहिलो. जे आता विचारायचं होतं ते विचारलंच नाही. कारण तेव्हा ते माझ्यावर आलेलं नव्हतं.

मी सही केली नाही. भिंतीवरही नाही आणि न टाकलेल्या पाइपवरही नाही. वेगळ्या लाइनचा प्रस्ताव वर पाठवला आणि निधी परत जाऊ दिला. यात तत्त्व किती होतं आणि चौकशीची भीती किती, हे मला अजून नीट निवडता आलेलं नाही.

कार्यालयात कुणीतरी म्हणालं, "शोभता बरं का साहेबांचे चेले." टोमणाच होता, पण दिवसभर मी त्यावर खूश होतो. संध्याकाळी घरी आलो. चिकलठाण्याच्या आमच्या सोसायटीत नळाला पाणी नव्हतं, म्हणून सेक्रेटरीनं फोन केला आणि टँकर आला. गच्चीवरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज ऐकला आणि माझी खुशी पार उतरली. मी स्वच्छ राहिलो होतो. त्यासाठी एप्रिल-मेच्या उन्हात विहिरीवर मात्र शेवटच्या घरातली ती बाई जाणार होती. सरकारी पैसा जपून खर्च करावा, हे मी प्रशिक्षणांत इतक्यांदा सांगितलंय. जपलेला पैसा कोणाच्या डोक्यावरच्या हंड्यात जाऊन बसतो, ते कधी सांगितलं नाही. साहेबांना हे माहीत असणारच. त्यांना झोप कशी लागत होती, एवढंच मला विचारायचं होतं.

एक मात्र आठवलं. निधी परत गेला की ते त्या गावी स्वतः जाऊन सांगायचे. ग्रामसेवकाकडून निरोप द्यायचे नाहीत. मी फाइल घेऊन मागं उभा असायचो. काय सांगायचे ते मात्र एक अक्षर आठवत नाही. अंधाराच्या आत घाट चढायचा, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात असायचं.

म्हणून एप्रिलमध्ये मी एकटाच त्या वस्तीत गेलो. ती विहिरीवरून येत होती. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी.

"जय भीम, सायब. आला का पैसा?"

"जय भीम. परत गेला, ताई."

"कुणी पाठविला?"

"मी."

ती थांबली. मी निविदा, मंजुरी, मार्च असं सगळं सांगायला लागलो. ती हंड्याखाली मान ताठ धरून ऐकत होती. माझ्या लक्षात आलं तेव्हा बराच वेळ झाला होता.

"हंडा उतरवा ना," मी म्हणालो. "द्या, मी घेतो."

"ऱ्हाऊ द्या, लोक पाहतेत." मग म्हणाली, "म्हंजे तुम्ही आमचं खाल्लंबी नाय आन् आम्हाला दिलंबी नाय."

"मागणी केलीय वर. मंजुरी आली की लगेच—"

"कव्हा येती?"

"सांगता येत नाही."

"व्हय." ती चालायला लागली. दारापर्यंत गेल्यावर मान न वळवता म्हणाली, "सांगता आलं की या. तव्हा च्या ठेवते."

त्यानंतर मी दर सोमवारी वरच्या कार्यालयात फोन करत होतो. पलीकडचा माणूस माझा आवाज ओळखून आधीच "अजून नाही" म्हणायचा. या सोमवारी फोन केला नाही. ज्यांची सही हवी त्यांच्याच दालनात जाऊन बसलो. त्यांनी पंखा वाढवला, पाणी मागवलं. मी म्हणालो, "साहेब, एकदा माझ्याबरोबर सोयगावला चला."

"आत्ता? अहो, ऊन बघा बाहेर."

"ऊन आहे म्हणूनच," मी म्हणालो.

ते हसले. मी हसलो नाही, तेव्हा त्यांनी कॅलेंडरकडं पाहिलं. तारीख अजून दिलेली नाही. उद्या पुन्हा जाऊन बसणार आहे.