कोकराला मीठ

हौदाच्या तळाला पांढरट थर बसला होता. मला आधी चुना वाटला. वाकून पाहिलं, तर मेलेले जिरे. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या माशांच्या पिल्लांना आम्ही मत्स्यखात्यात जिरे म्हणतो. असतातही तेवढेच.

पाटसजवळचा हा मळा आप्पांचा. मेंढरं राखणारं घर. शेततळं खणायला आप्पांनी अख्खा कळप विकला होता. तळ्यात सोडण्याआधी जिरे या हौदात वाढवायचे होते. थोरल्या मुलाने बजावलं होतं, यंदा मासे साधले नाहीत तर तळं बुजवून ऊस. आता तो माझ्यावरच उखडला होता. म्हणे आम्ही दिलेलं माशांचं सरकारी बीच सडकं.

मी पाणी चाखलं. तिथलं बोअरचं पाणी मचूळ असतंच, पण हे चक्क खारट होतं. हौदामागे जाड्या मिठाचं रिकामं पोतं दिसलं.

“आप्पा, मीठ टाकलंत?”

“व्हय. पावसाच्या तोंडाला मेंढरांना द्यायचो तसं. आन् गेल्या साली मोठ्या माशांचं चट्टं मिठानंच गेलं की, मॅडम.”

ते खरं होतं. पण मोठा मासा मिठाच्या पाण्यात बुडवून लगेच काढायचा असतो. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरच्यापेक्षा मीठ जास्त. म्हणून पाणी सारखं आत शिरतं. मासा ते लघवीवाटे टाकतो आणि कल्ल्यांनी मीठ धरून ठेवतो. बाहेरचं पाणी जास्त खारट झालं की उलटं होतं, अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. मोठा मासा थोडा वेळ तग धरतो. जिऱ्यांचे कल्ले, मूत्रपिंडं अजून पुरती तयार झालेली नसतात. ती पिल्लं पाण्यात राहून तहानेने मेली होती. मला आप्पांचा राग आला, आणि वाईटही फार वाटलं.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, “ट्रान्सपोर्ट मॉर्टॅलिटी लिहा. बी बदलून देऊ.” म्हणजे पिल्लं वाटेतच मेली असं दाखवायचं. सुंठीवाचून खोकला गेला असता आणि तळंही वाचलं असतं. मी आप्पांना तसं सांगितलं.

आप्पांनी मिठाचं रिकामं पोतं उचललं. मग म्हणाले, “खोटं नगा लिहू. दूध पित्या कोकराला म्या कवाच मीठ दिलं न्हाई. हितंच कसं ध्यानात आलं न्हाई?”

मी खरं तेच लिहिलं. बदली बी आलं नाही. त्याच हंगामात तळं बुजलं, वर ऊस लागला.

तेव्हापासून बी देण्याआधी मी पाणी तपासते, आणि घरात आधी काय पाळत होते तेही विचारते.