न्हाणीमागची पपई

ती पपई आमच्या घरात कुणी लावली नव्हती. न्हाणीचं पाणी जिथं जिरायचं तिथं ती आपली आपण उगवली. कुठल्या तरी पाखरानं बी टाकलं असणार. बाजारात मिळते तसली न्हवं, रानटी जात. फळं मुठीएवढी, आत गरापेक्षा बियाच जास्त, आणि नुसतं नख लागलं तरी पांढरा चीक गळायचा. मला ती पहिल्यापासून आवडली न्हाई. पावसाळ्यात गुडघ्याएवढी होती, आणि उन्हाळा लागेस्तोवर परसाच्या भिंतीवरून रस्त्यावर दिसायला लागली. खाली फळांचा नुसता घोस.

आमचं गाव चुडाव्याच्या अलीकडं, रुळाला लागून. हिंदुस्थान मोकळा झाला होता, आमी न्हवतो. आमच्यावर अजून निजामाचंच राज्य होतं. सरकारला शिंदीच्या दारूचं उत्पन्न मिळू नये म्हणून गावातल्या माणसांनी ओढ्याकाठची शिंदीची झाडं भर दुपारी आडवी केली. कुऱ्हाड घेऊन पुढं कोण? तर माझे मालक. वारंट निघालं, आणि बाकीचे वऱ्हाडच्या हद्दीत पळून गेले. हे गेले न्हाईत, कारण त्याच आठवड्यात माझं पोट पडलं. पहिलंच होतं.

माझी सासू, तिला मी आत्याबाई म्हणायचे, तिनं कपाळावर हात मारून घेतला. बायको पोटुशी असताना नवऱ्यानं जित्या झाडाला हत्यार लावायचं न्हाई, दाढीला वस्तरा लावायचा न्हाई, हा आमच्या घरातला नेम. ह्यांनी तर अख्खी शिंदी तोडली होती. झाडाचा तळतळाट लागला, असं त्या म्हणाल्या. ह्यांच्या मनात ते जे बसलं ते बसलंच. मी लय समजावलं की दुसऱ्या बायांचीबी पोटं पडतात, त्यांच्या नवऱ्यांनी कुठं शिंदी तोडली? पण ऐकतंय कोण!

मग हे घरातच लपले. परसात कडब्याची गंजी होती, ती मधून पोकळ करून हे दिवसभर आत बसायचे आणि अंधार पडला की घरात यायचे. आणि मला पुन्हा दिवस गेले. गावात सांगायचं काय? नवरा फरार, आणि बाईचं पोट वर यायलंय. आत्याबाईंनी मला अंगणाबाहेर पाऊल टाकायची बंदी केली. आल्यागेल्याला सांगायच्या, लेक शिंदी तोडली तवाच मुंबईला पळाला, गिरणीत हाय.

पपईचं आत्याबाईंनाही भ्या वाटायचं. पोटुशीच्या घरात पपई म्हणजे दारात पेटता इस्तू. पण ती तोडणार कोण? मला तिच्या चिकाला हात लावायचा न्हाई. आत्याबाईंचा उजवा हात पडून मोडलेला, तो वाकडाच बसलेला. बाहेरचा माणूस बोलवावा तर तो गंजीजवळ येणार. राहिले हे, आणि ह्यांचा नेम. अशी ती अवदसा सगळ्यांच्या देखत वाढत राहिली.

स्टेशनाजवळ निजामाच्या बंदूकवाल्यांचं एक ठाणं बसलं होतं. त्यांचा म्हातारा खानसामा एका सकाळी परसाच्या दारात येऊन उभा राहिला. पांढरी दाढी, हातात टोपली, अदबीनं म्हणाला, "अम्मा, गोश्त गलाने कू दो कच्चे पपीते होना." मटण लवकर शिजावं म्हणून त्याला कच्ची पपई हवी होती, भिंतीवरून झाड दिसलं म्हणून आला होता. आत्याबाई न्हाई कसं म्हणणार? तो आत आला, गंजीला पाठ टेकली आणि काठीनं फळं पाडायला लागला. ह्यांच्यात आणि त्याच्यात एक हात कडबा.

त्या रात्री जेवताना मी ह्यांना सांगितलं, आजच्या आज ते झाड तोडा. वाऱ्यानं मोडलं म्हणून सांगते मी, पपई काय, पोकळच असती. ह्यांनी भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला.

"एकदा तोडून बघितलं ना मी?" म्हणाले. "आता हे लेकरू हातात येऊ दे. मग हवं तर सगळं रान तोडतो."

"आवं, लेकरू हातात घ्यायला तुमी तर राहायला पायजे ना?"

ह्यांनी आत्याबाईंकडं बघितलं. आत्याबाईंनी मान हलवली. न्हाई म्हणजे न्हाई. मला इतका राग आला की मी ताट तसंच सरकवून उठले.

खानसामा मग दर बाजाराला यायला लागला. भला माणूस होता, मी घागर उचलली की ओरडायचा, पोटुशीनं वजन उचलू नये म्हणून. एकदा त्यानं सहज विचारलं, "बेटी, तेरा आदमी कां है?" आत्याबाईंनी मुंबईचं पाठ केलेलं सांगितलं. त्यानं माझ्या पोटाकडं बघितलं आणि पुढं काही विचारलं न्हाई. शिंदी कधी तोडली हे अख्ख्या मुलखाला ठाऊक होतं, आणि माझं पोट तेवढ्या महिन्यांचं न्हवतं. हिशेब त्याला कळला हे मला कळलं. त्या दिवसापासून मला झोप लागेना.

पुढच्या खेपेला त्याच्यासंगं दोन जवान पोरं होती, खांद्यावर बंदुका. त्यानं काही सांगितलं का, हे मला कधीच कळलं न्हाई. कदाचित ती पोरं नुसती कडब्यासाठीच आली असतील. त्यांच्यापाशी घोडी होती. म्हातारा फळं पाडायचा, ही पोरं पेंढ्या ओढून न्यायची. गंजी दर खेपेला बारीक व्हायला लागली. मी हात जोडले की आता तरी निघून जा, वऱ्हाड काय लांब न्हाई. तर हे म्हणाले, बाळंत हो, दुसऱ्या दिवशी जातो.

श्रावणात पावसानं चार दिवस उघडीप दिली तवा म्हातारा आणि ती पोरं गाडी घेऊन आले, सगळा कडबा न्यायला. एकानं गंजीत भाला खुपसला. मी ओरडायच्या आत दुसरीकडून हे स्वतःच बाहेर आले, छातीपर्यंत दाढी, अंगाला पाला चिकटलेला. मारलं न्हाई त्यांनी. दोरी बांधली आणि गाडीमागं चालवत नेलं. खानसामा टोपली तिथंच टाकून खाली मान घालून निघून गेला. हे वळून म्हणाले, "जप." बस्, एवढंच.

पंधरवड्यानं लेक झाली, हातीपायी धड. मग हिंदुस्थानची फौज आली, ठाणं उठलं, जेलं उघडली, वऱ्हाडात गेलेले सगळे परत आले. आमी दोघी रोज स्टेशनावर जाऊन गाडी बघायचो. हे आले न्हाईत. नेलं कुठं, हे कुणीच सांगितलं न्हाई.

लेकीचं बारसंही केलं न्हाई, नुसतं नाव ठेवलं. त्या दिवशी आत्याबाई तिला मांडीवर घेऊन माझ्याकडं बघत म्हणाल्या, बघ, नेम पाळला म्हणून हे लेकरू हातात आलं. तोवर मी त्यांना कधी उलट बोलले नव्हते.

"नेमानं लेकरू दिलं, खरं हाय," मी म्हणाले. "पर नेलं ते बी लेकरूच होतं, आत्याबाई. तुमचं."

त्यांचा वाकडा हात लेकीच्या डोक्यावर फिरत होता, तो थांबला. मग त्या रडायला लागल्या, ह्यांना नेल्यापासून पहिल्यांदाच.