पुरातून वाचलेली ट्रंक

आत्ताच दासगावहून आलोय. जेवायच्या आधी हे तुम्हाला सांगायलाच हवं.

मी तिथल्या एका व्यंगचित्रकारावर माहितीपट करतोय. पुढाऱ्यांची चित्रं काढून तो निनावी झेरॉक्स वाटतो. एकदा त्याने थोरल्या भावालाही बेडूक करून काढलं. तेव्हापासून एकाच घरात दोन चुली आणि बोलणं बंद.

आज तो कॅमेऱ्यासमोर म्हणाला, "जुनी चित्रं पुरात गेली."

दारातून भाऊ म्हणाला, "नाय गेली. भाताच्या पोत्यांआधी तुझी ट्रंक माझ्या माळ्यावर चढवली. तो बेडूकपण हाय त्यात."

"मग सांगितलं का नाय?"

"विचारलंस कधी?"

मला नाचावंसं वाटलं. मग लक्षात आलं, कॅमेरा चालू आहे हे भावाला ठाऊकच नव्हतं. उद्या त्याला दाखवून विचारणार आहे. नको म्हणाला, तर हा क्षण पुसावा लागेल.

तुम्ही पुसला असता?