एकेचाळीस वेळा, एकट्याने

"तुम्ही वर्षातून किती वेळा खेळता हो?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, दातांच्या डॉक्टरकडे, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, सगळीकडे विचारला गेला आहे. गोल्फ खेळतो म्हटलं की पुण्यात आधी भुवया वर जातात, मग "वा, मोठी माणसं तुम्ही" होतं आणि मग हा प्रश्न येतो. मी ठोकून द्यायचो, "दर शनिवारी." साफ खोटं. वर्षात शनिवार बावन्न, पण त्यातले पावसाळ्यात गेले, लग्नसराईत गेले, गणपतीत रस्ते बंद म्हणून गेले, ऑफिसात ऐन वेळी काहीतरी कोसळलं म्हणून गेले आणि उरलेल्यांतले काही माझ्या कंबरेने खाल्ले. आमचं सगळ्यांत चांगलं वर्ष एकोणीस वेळांचं. क्लबात बढाया मारणाऱ्या बहुतेकांचा आकडा त्याहून कमीच निघेल, हे मी पैजेवर सांगतो.

आमचं म्हणजे माझं आणि माझ्या मित्राचं. खराडीला एकाच कंपनीत होतो, गोल्फही चाळिशी उलटल्यावर एकत्रच शिकलो आणि दोघंही सारखेच बेताचे. चौदा वर्षं तो मला गाडीतून घ्यायला यायचा. मला खाली उतरायला दोन मिनिटं उशीर झाला तर म्हणायचा, "ओवाळायला वर यायला हवं होतं का?" मग क्लब येईपर्यंत कोणी बोलायचं नाही. बोलायची गरजच नसायची.

गोल्फमध्ये पंच नसतो. तुमचे फटके तुमच्याबरोबरचा खेळाडू मोजतो, तुम्ही त्याचे मोजता आणि शेवटी एकमेकांच्या कार्डावर सही करता. सही नसेल तर ते कार्ड धरत नाहीत. मी या बाबतीत कडक. बायको होती तेव्हा म्हणायची, हा माणूस घरातही तोंडात शिट्टी धरून फिरतो. तिला जाऊन आता चार वर्षं झाली.

गेल्या जानेवारीत क्लबची महिन्याची स्पर्धा होती. सातव्या होलला मित्राचा बॉल झुडपात गेला. तिथून त्याने एक फटका मारला, बॉल जेमतेम वीतभर हलला, मग दुसऱ्या फटक्याला बाहेर आला. मी सहा मोजले. कार्ड द्यायच्या टेबलापाशी तो पाच म्हणाला. मी सहा म्हणालो. तो हळू आवाजात म्हणाला, "पाच रे, नीट आठव." मागे चारपाच जण उभे होते. मी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मग दुसऱ्या कोणाची तरी सही घे. मी खोट्यावर सही करत नाही." त्याने कार्डाची घडी घातली, खिशात ठेवली आणि तो निघून गेला. मी रिक्षाने घरी आलो. रिक्षात मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता. तो जेमतेम येरवड्यापर्यंत टिकला.

मार्चमध्ये मी रिटायर झालो. आता वेळच वेळ. शनिवारी गेलो तर तो भेटेल म्हणून मी मंगळवार धरला. मंगळवारी सकाळी कोर्सवर चिटपाखरू नसतं. ट्रॉली ओढत एकटाच अठरा होल चालायचो. चांगला फटका बसला की सवयीने मागे वळून बघायचो, मागे नुसतं गवत. एकदा फटका मारायच्या तयारीत असताना माझ्या धक्क्याने बॉल हलला. मी इमानदारीत एक फटका वाढवून लिहिला आणि तिथेच उभा राहिलो. इतका प्रामाणिकपणा आणि त्याचं काय करायचं ते कळेना. मुलगी रविवारी बेंगळुरूहून फोन करायची. "बाबा, खेळायला जाता ना?" "जातो की." "मग छान, तेवढीच कंपनी." मी हो म्हणायचो.

वर्षभरात मी एकेचाळीस वेळा खेळलो. नोकरीत असताना स्वप्नातही शक्य नव्हतं एवढं. आणि या जानेवारीत क्लबकडून निरोप आला की वर्षभरात एकही कार्ड जमा नाही, सबब तुमचा हँडिकॅप, म्हणजे तुमच्या खेळाची पत सांगणारा आकडा, स्थगित केला आहे. मी तणतणत क्लबच्या ऑफिसात गेलो.

"एकेचाळीस वेळा खेळलोय मी," मी खिडकीतल्या कारकुनाला म्हणालो.

"सही कोणाची?"

"एकटाच होतो."

"मग कसं धरायचं, साहेब? पाहिलं कोणी?"

मी पुन्हा एकदा, जरा हळू, "एकेचाळीस" म्हणालो. त्याला बहुधा दया आली, म्हणजे त्याला येते तेवढी. त्याने समोरचा कागद माझ्याकडे फिरवला. "वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या जोडीला अजून एक आहेत." शून्य फक्त दोन नावांपुढे होतं. दुसरं नाव माझ्या मित्राचं. मी वर्षभर धरून चाललो होतो की त्याला दुसरं टोळकं मिळालं असणार, शनिवारी हसतखिदळत खेळत असणार. "ते गुरुवारी येतात," कारकून म्हणाला. "एकटेच."

गुरुवारी मी सहालाच जाऊन पहिल्या होलपाशी बाकावर बसलो. तो ट्रॉली ओढत आला, मला बघून थांबला.

"तुझा तर मंगळवार ना?" तो म्हणाला.

म्हणजे त्यालाही माहीत होतं. मी म्हणालो, "आज गुरुवार केला. चालेल ना?"

"क्लब काय माझ्या बापाचा आहे?" असं म्हणून त्याने खिशातून कोरं कार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं.

आम्ही वाईट खेळलो. पण फटका बसला की कोणीतरी "बरा आहे" म्हणत होतं, आणि तेवढ्यानेही मला बरं वाटत होतं. बाराव्या होलच्या चढावर तो दम घ्यायला थांबला आणि म्हणाला, "तेव्हा सहाच असतील. मला खरंच पाच आठवत होते रे." मी त्याला म्हणायचं ठरवलं होतं की मी चुकलो. सहा मोजण्यात नाही, त्या चारपाच जणांसमोर ओरडण्यात. तसं मी म्हणालो. तो पाणी प्यायला आणि बाटली त्याने माझ्यापुढे धरली.

शेवटी आम्ही बेरजा केल्या, एकमेकांच्या कार्डांवर सह्या केल्या आणि ती खिडकीत दिली. बाहेर आल्यावर मी उत्साहाने म्हणालो, "आता दर गुरुवारी. बावन्न करून दाखवू."

त्याने ट्रॉलीचा पट्टा उगाचच सोडून पुन्हा बांधला. मग म्हणाला, "फ्लॅट विकला मी. मुलाकडे चाललोय, मेलबर्नला. आता तिकडेच."

"कधी?"

"महिनाअखेरीस."

मी बोटांवर गुरुवार मोजू लागलो. तो माझ्या बोटांकडे बघत होता.

"दोन," तो म्हणाला. "त्यातल्या एका गुरुवारी सामान न्यायला माणसं येणार आहेत."