श्वास काढून टाकलेला पाळणा

चादरीच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी मी सदतीस वर्षे उभा होतो. कापड समोरून सरकत असे. गाठ किंवा सुटलेला धागा दिसला की चिमट्याने काढायचा. दोष निघण्यासारखा नसेल तर चादर बाद करायची. पाळी संपताना टेबलावर एक कातरणही राहता कामा नये, हा नियम मी पाळला आणि इतरांकडूनही पाळून घेतला. माझ्याविषयी कारखान्यात फारसे चांगले बोलले जात नसे. त्याचे मला काही वाटले नाही.

बहात्तराव्या वर्षी मी संगणकावर संगीत शिकायला गेलो, त्याला कारण माझी थोरली बहीण.

अक्का अक्कलकोटला राहते. आमच्या घरात मूल जन्मले की बारशाचा पाळणा तिनेच म्हणायचा. तो आमच्या आईचा. निम्मा कानडी, निम्मा मराठी. आजवर एकही बारसे तिने चुकवले नव्हते. गेल्या वर्षी पुण्यात तिच्या नातीला मुलगी झाली आणि त्याच आठवड्यात अक्का न्हाणीघराच्या उंबऱ्याशी घसरली. खुब्याचे हाड मोडले. बारसे सव्वा महिन्यानंतरच्या रविवारी ठरले, पण डॉक्टरांनी प्रवासाला साफ नकार दिला. नात म्हणाली, फोनवर व्हिडिओ लावू. अक्का म्हणाली, "त्यात मधीच मानसाचं तोंड थांबतंय. पाळना आडकून बसंल की." त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. ताटातली भाकरी मात्र निम्मी परत जाऊ लागली.

मी माझ्या फोनवर तिचा आवाज घेऊन पाहिला. त्यात अक्कापेक्षा कुकरची शिट्टी अधिक होती. हे काम शिकूनच करावे लागणार हे उघड झाले.

आमच्या शहराच्या पूर्व भागात, बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडवरच्या खोलीत एक बाई हे शिकवतात. वय पस्तिशीचे. घरात तेलुगू, विद्यार्थ्यांशी मराठी. मी त्यांना मॅडम म्हणतो, त्या मला काका म्हणतात. पहिला आठवडा त्यांनी मला संगणकाला हात लावू दिला नाही.

"आधी ऐका, काका. या पंख्यात किती आवाज आहेत?"

"एक."

त्यांनी चार दाखवून दिले. पात्यांचा वारा, मोटारीची घरघर, सैल झालेल्या टोपीची थरथर आणि छताच्या हुकाची कुरकुर. मग सहज म्हणाल्या, "मागच्या गल्लीतल्या मागाचा पट्टा आज सैल आहे." मला तर माग चालू असल्याचेही जाणवले नव्हते. वर्ग सुटल्यावर मी मुद्दाम त्या गल्लीत गेलो. विणकर माग थांबवून पट्टाच आवळत बसला होता. तपासणी करणारा माणूस किती पक्का आहे, हे मला लवकर कळते. दुसऱ्या दिवशी मी पाच मिनिटे आधी वर्गात हजर झालो आणि पुढेही तसाच होत राहिलो.

संगणकाच्या पडद्यावर आवाजाचे चित्र दिसते. मोठा स्वर जाड, लहान स्वर बारीक. हवा तेवढा भाग निवडायचा, कापायचा, सांधायचा, त्याखाली तंबोऱ्याचा स्वर अंथरायचा. माझी बोटे माऊसवर घसरत. शेजारच्या संगणकावर लग्नाच्या वरातीचे ठेके बनवणारी एक मुलगी होती. ती म्हणाली, "काका, वरातीत डीजे लावणार का तुम्ही?" मी म्हटले, "तुझा ढोल आधी तालात येऊ दे, मग ठरवू." मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी त्या मुलीचा ठेका पुन्हा लावला आणि म्हणाल्या, "काका बरोबर बोलतायत."

तिसऱ्या आठवड्यात वर्गाचे ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन मी अक्कलकोटला गेलो. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, परसातल्या कोंबड्या हाकलल्या. अक्का पडल्या पडल्या गायली. मी यंत्राच्या आकड्यांवर नजर ठेवून होतो. ती थकली होती, पण पाळणा पुरा झाला.

घरी आणून मी तो साफ करायला घेतला. चित्रात दोन ओळींच्या मधे बारीक कुसळे दिसत होती. कान देऊन ऐकले तर ते अक्काचे श्वास होते. काही लांब, काही तुटक. मला ते गाठींसारखे वाटले. चार दिवस बसून मी एकेक श्वास कापला आणि ओळीला ओळ सांधली. काम संपल्यावर सवयीप्रमाणे टेबल स्वच्छ केले. मूळ ध्वनिमुद्रण, कापलेले तुकडे, सगळे पुसले. संगणकातली कचरापेटी रिकामी केली. यंत्र वर्गाचे म्हणून त्यातलेही पुसून ते परत दिले. बारशाच्या आधीचा तो गुरुवार होता.

मॅडमनी डोळे मिटून पाळणा शेवटपर्यंत ऐकला.

"सफाई छान झालीय. मूळ रेकॉर्डिंग द्या, काका."

"पुसले."

"कचरापेटीत असेल."

"तीही रिकामी केली."

त्यांनी यंत्र जोडून तासभर प्रयत्न केला. दीड ओळ हाती लागली. रागावण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. त्या एवढेच म्हणाल्या, "मला कानडी येत नाही. पण काका, बाई श्वास घेते तेव्हा पाळणा मागे येतो ना? दोरी ओढायची ती जागा. तुम्ही ती ठेवलीच नाही. याच्यावर पाळणा हलवायला गेलं तर हात अडखळेल."

मी आयुष्यभर तो पाळणा ऐकत आलो होतो. हे मला ठाऊक नव्हते. त्यांनी तो एकदाच ऐकला होता, तोही मी बिघडवलेला.

"उद्या सकाळीच जा," त्या म्हणाल्या आणि यंत्र पुन्हा माझ्या हाती दिले.

शुक्रवारी पहिल्या एसटीने गेलो. माझी चूक झाली, असे वाक्य मी कारखान्यात कधी उच्चारल्याचे आठवत नाही. अक्कासमोर उच्चारले.

"पुसलास? माजा आवाज केरात टाकलास, तम्मा?" अक्का मला लहानपणापासून तम्मा, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ, म्हणते. "जन्मभर लोकाच्या चादरी बाद केलास. घरातलं हेच राहिलं हुतं बग."

"पुन्हा म्हणावे लागेल."

"म्हनते की. पर आता तुज्या त्या आकड्याकडं बगत बसायचं न्हाय. झोळी बांद."

मी तिचे जुने लुगडे आढ्याला बांधून झोळी केली. रिकामी झोळी हलत नाही, असे ती म्हणाली. म्हणून तिच्या सुनेने त्यात ज्वारीची पिशवी ठेवली. दोरी माझ्या हातात दिली. अक्का म्हणू लागली. पहिल्या दोन ओळींना माझा हात चुकला. तिने न थांबता पांघरुणावर बोट आपटून मला जागा दाखवली. तिसऱ्या ओळीपासून तिचा श्वास ऐकू आला की दोरी ओढायची, एवढेच मी केले. ती श्वास घेई आणि झोळी परत येई. मधल्या एका ओळीला तिला खोकला आला. तिने तो गिळला नाही, खोकून घेतले आणि पुढच्या श्वासाला पुन्हा पाळणा धरला. आढ्याला लुगड्याची गाठ करकरत होती. बाहेर कोंबड्या होत्या. तिच्या वयात, मोडलेल्या हाडाने, कोणी एवढा वेळ ताल सांभाळून गाईल असे मला वाटले नव्हते.

शनिवारी मॅडमनी सुरुवातीचे माझे घसा खाकरणे कापले, शेवट कापला आणि खाली तंबोऱ्याचा स्वर अगदी मंद ठेवला.

"ती करकर?" मी विचारले.

"राहू द्या."

"खोकला?"

"तोही."

मी वाद घातला नाही. पुण्याला ध्वनिमुद्रण पाठवले आणि मूळ प्रत तीन ठिकाणी ठेवली.

रविवारी मी अक्कापाशी बसलो होतो. दुपारी नातीचा फोन आला. ती बराच वेळ बोलत होती. मी अक्काला कामापुरते सांगितले.

"दोरी कुनी धरली?" अक्काने विचारले.

"तिच्या सासूबाईंनी."

"पुन्याची बाई ती. कानडी कळतंय व्हय तिला?"

"नाही."

"चुकली?"

"सुरुवातीला एकदा. नंतर नाही."

अक्का म्हणाली, "बरं झालं," आणि सुनेला हाक मारून भाकरी मागितली.