पाण्याची पहिली धार

मंडळी, आज जीव लई खचलाय, म्हणून इथं लिहितेय.

सिल्लोडकडचं आमचं शेत भावानं मागच्या वर्षी विकलं. तिथल्या मिरचीचं मूठभर बी माझ्याकडं राहिलं होतं. ते सगळंच मी गारखेड्यातल्या आमच्या गच्चीवर कुंड्यांत टाकलं. उन्हासाठी वर ओढणी बांधली, चिमण्यांसाठी जाळी लावली. रोपं बोटभर झाली होती.

आज आठवड्यानं नळाला पाणी आलं, तेही भर दुपारी. मी ऑफिसात. संध्याकाळी आले तर शेजारच्या आपा जिन्यातच उभ्या, एकदम खूश.

"ताई, पहले तुम्हारे बच्चों को पानी पिलाई मैं, फिर हमारे हंडे भरी!"

मी शुक्रिया म्हणाले आणि वर गेले. सगळी रोपं शिजलेल्या भाजीसारखी मातीला चिकटली होती.

गच्चीवरचा काळा पाइप सकाळपासून उन्हात तापत पडलेला असतो. मोटर लावली की त्यातली पहिली धार कढत येते. ती मी नेहमी मोरीत सोडते. आपांनी तीच, स्वतःचे रिकामे हंडे बाजूला ठेवून, माझ्या रोपांना दिली.

आता ते बी कुठंच नाय. शेतात प्लॉट पडलेत. आणि चिडायचं तरी कुणावर?

पुढच्या पाण्यालाही पहिली धार बच्च्यांनाच, असं आपा म्हणाल्यात. त्यांना काय सांगू, तुम्हीच सांगा.