हवेत थांबलेलं पोतं

पोतं पाठीवर पडलं की 'हुंफ्' असा एक आवाज होतो. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं. सोलापूरच्या अडत बाजारात कामाचा पहिला दिवस होता. मला वाटलं, पुढचा हमाल कण्हला. मी त्याच्याकडं बघत राहिलो, तर तो वळून म्हणाला, "माझ्याकडं काय बघतूस? तुझाच हाय त्यो!"

त्या आवाजावर आयुष्य गेलं. आता मी चिंचोळी एमआयडीसीत पेंडेच्या कारखान्यात आहे आणि तिथं तो आवाज बंद झालाय. पोती आता रोबोट उचलतो. रोबोट म्हणजे लोखंडाचा एक लांब हात. त्याच्या टोकाला रबरी वाट्या आहेत. त्या हवा ओढून पोत्याला चिकटतात आणि पोतं अलगद थप्पीवर नेऊन ठेवतात. आम्ही त्याला नुसतं 'हात' म्हणतो.

पोती वाहत होतो तेव्हा बोलायला दम उरत नव्हता. आता हात रिकामे आहेत, म्हणून किस्से साठतात. टोळीतल्या बाकीच्यांना घरी पाठवलं, आम्ही तिघं उरलो. मुकादम सिद्राम अण्णा, इस्माईलभाई आणि मी. आमच्या हातात झाडू आले. झाडता झाडता आम्ही हसतो. हसून झाल्यावर एकमेकांकडं बघवत नाही, एवढंच.

* * *

हा हात कारखान्यात आला तोच आमच्या खांद्यावरून!

मोठ्या लाकडी खोक्यात बांधून लॉरीतून आला होता. उतरवायला क्रेन येणार होती, ती आलीच नाही. साहेब म्हणाले, "अण्णा, तुमची टोळी आहे ना?" मग काय, दोर लावले, खाली पाईप टाकले, आणि अण्णांच्या आरोळीवर सगळ्यांनी खांदा लावून ते खोकं आत सरकवलं. घामानं न्हालो. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

इस्माईलभाईनं टोपीनं तोंड पुसलं आणि खोक्यावर थाप मारली. "क्या जमाना आया तात्या, अपनी मय्यत कू अपनेच कंधा देरे!"

सगळे हसले. अण्णा तेवढे दोर गुंडाळत बसले.

* * *

खंडेनवमीला हाताची पूजा केली. नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. दुसऱ्या दिवशी हातानं पहिलं पोतं उचललं आणि अर्ध्या वाटेत सोडून दिलं. दुसरं उचललं, तेही सोडलं. सगळीकडं पेंडच पेंड!

साहेबांनी पुण्याच्या इंजिनिअरला फोन लावला. त्यानं सगळं तपासायला लावलं. शेवटी साहेब हळूच म्हणाले, "वाटीत झेंडू अडकलाय."

"फोटो पाठवा," इंजिनिअर म्हणाला.

साहेबांनी फोटो पाठवला. तिकडून उत्तर म्हणून नुसते जोडलेले दोन हात आले!

* * *

दुपारी भाकरी खाऊन मी जिथं पाठ टेकायचो, नेमकं तिथंच हाताला बसवलंय. भोवती पिवळी रेघ मारली आहे. रेघ ओलांडली की भोंगा वाजतो.

एकदा जेवलो, डबा धुतला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि सवयीनं चालत गेलो. भोंगा असा वाजला की ऑफिसातली माणसंसुद्धा पळत आली. मी रेघेच्या आत उभा, हातात डबा.

"तात्या, आत कशाला गेलता?" साहेबांनी विचारलं.

मी म्हणालो, "झोपायला."

* * *

घरी आमची म्हातारी रोज संध्याकाळी माझ्या पाठीला तेल चोळते. लग्न झाल्यापासूनचा नेम आहे. आता मी पोतं उचलत नाही, हे मी तिला बरेच दिवस बोललोच नव्हतो. घरी आलो की पालथा पडायचो.

एक दिवस तिनं विचारलं, "लई दुखतंय का?"

"व्हय की. आज गाड्या जास्त हुत्या."

ती थोडा वेळ चोळत राहिली. मग म्हणाली, "तुमच्या सदऱ्याला आता पेंडेचा वास येत न्हाय."

मी उशीत तोंड घातलं. ती चोळायची काही थांबली नाही.

* * *

आता अण्णांच्या सुनेचं सांगतो.

अण्णा मूळचे मैंदर्गीचे. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि वळण जुनं. सून रेणुका आयटीआय शिकलेली. हात चालवायला माणूस पाहिजे होता, तिला घेतलं. अण्णांच्या मुलाचा माग बंद पडलेला, त्यामुळं घर तिच्याच पगारावर. ती उंच खुर्चीत बसते, दांडी हलवते आणि हात चालतो. आम्ही ज्या पोत्याखाली वाकून गेलो, ते ती दोन बोटांनी उचलते.

पण दिवसातून चार-पाच वेळा हात मधेच थांबायला लागला. पोतं हवेत लटकलेलं! साहेबांनी वायरी तपासल्या, हवा तपासली. शेवटी इंजिनिअर स्वतः आला. त्यानं सांगितलं, खुर्चीखाली बटण असतं. बसलेला माणूस उठला की हात जागच्या जागी थांबतो.

"मॅडम, तुम्ही मधेच उठता का?"

रेणुकानं मान खाली घातली.

"का उठता?"

साहेब चिडले, "आयटीआय शिकली, पण बसायला शिकली नाही!"

आम्हाला ठाऊक होतं. अण्णा झाडू घेऊन समोरून गेले की ती उठायची. सासरा उभा असताना सून खुर्चीत कशी बसणार?

अण्णांना त्या दिवशी कळलं. त्यांनी वर लटकलेल्या पोत्याकडं बघितलं आणि त्यांचे कान लाल झाले.

दोन दिवसांनी मी म्हणालो, "अण्णा, घरात सांगा की तिला, उठू नको म्हणून."

"मी तिच्याशी कवा बोललोय व्हय? आमच्या म्हातारीकडनं सांगितलं. तर म्हातारी म्हणती, आज तितं उठली न्हाय तर उद्या घरात उठंल का?"

मी रेणुकालाही विचारून बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मी ठरवून बसते ओ तात्या. मामा दिसले की पायच उठत्यात."

तेव्हापासून अण्णा समोरून जायचे बंद झाले. शेडला वळसा घालून, उन्हातनं, मागच्या दारानं यायला लागले. इस्माईलभाई त्यांना चिडवायचा, "मुकादम, बहू के डर से चोर के सरीखा आरे!"

"साकु!" अण्णा कानडीत म्हणायचे. पुरे!

* * *

मग एके दिवशी साहेबांनी रेणुकाला बोलावून घेतलं. "सोमवारी पाहुणे येताहेत. हात बघून तसाच दुसऱ्या कारखान्यासाठी घेणार आहेत. त्यांच्यासमोर एकदा जरी थांबला, तरी मी दुसरा माणूस बसवणार."

सोमवारी मागच्या दाराला ट्रक लावला होता. दार पूर्ण बंद झालं. मी आणि इस्माईलभाई ट्रकवर उभे होतो, तिथनं शेडमधलं सगळं दिसत होतं. पाहुणे रेघेबाहेर उभे. हात छान चालला होता. आणि खालचं एक पोतं फाटलं. पेंड पाहुण्यांच्या बुटांपर्यंत आली.

"अण्णा! झाडू!" साहेब ओरडले.

अण्णा पुढच्या दारात आले. तिथनं पेंडेपर्यंतची वाट रेणुकाच्या खुर्चीसमोरूनच जाते. तिनं त्यांना बघितलं. पोतं हवेत होतं. तिचे दोन्ही हात खुर्चीच्या कडांवर आले.

इस्माईलभाईनं माझं मनगट धरलं.

अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. डोक्यावर घेतला, कपाळापर्यंत ओढला आणि त्याचं टोक दातात धरलं. जशी सून सासऱ्यासमोरून जाते तसे ते मान खाली घालून, भिंतीच्या कडेनं तिच्यासमोरून गेले.

एक पाहुणा हसला. साहेबांनी विचारलं, "अण्णा, हे काय?"

अण्णांनी वाकून पेंड गोळा केली.

रेणुका बसून होती. तिनं दांडी हलवली, पोतं पुढं गेलं आणि थप्पीवर टेकलं. मग दुसरं गेलं. तिच्या गालावरनं पाणी वाहत होतं, पण दांडीवरचा हात तिनं काढला नाही.

अण्णांनी झाडू कोपऱ्यात उभा केला. टॉवेल तसाच दातात धरून ते आल्या वाटेनं परत तिच्यासमोरून गेले आणि सुटी व्हायच्या आतच गेटाकडं चालत निघाले.